जज, वॉचमन आणि म्हैस

चहा घ्या आधी. आणि मी बोलत असताना मध्येच हसायचं नाही, एवढं कबूल करा. कारण माझ्या हातून जे घडलंय ना, ते ऐकून माझ्या बायकोचा, नीलमचा भाऊ खुर्चीवरून खाली पडला होता. खरंच पडला. कोपराला खरचटलं त्याला.

तर मी बोईसरला एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करतो. बाटलीतून नमुना येतो, तो तपासायचा आणि आत नेमकं काय आहे ते लिहून द्यायचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे माझा एक ठाम समज झालाय, की वरून दिसतं ते काही खरं नसतं. खरं काय ते आत असतं आणि ते फक्त मला कळतं!

म्हणूनच मला ते डोक्याशी खेळणारे पिच्चर आवडतात. तेच हो, ज्यात पहिल्या सीनला साधाभोळा दिसणारा माणूस शेवटी सैतान निघतो, आणि ज्याच्यावर आपण दोन तास दातओठ खाल्ले तो बिचारा कधीच मेलेला असतो. बाकीच्या पिच्चरमध्ये फसवतात ते हिरॉइनला. इथे थेट तुम्हाला फसवतात! भाजीवाल्याने एक किडकं वांगं घातलं तर मी भांडायला परत बाजारात जातो. आणि इथे? तिकीट काढून फसतो, वर टाळ्या वाजवतो. कारण त्या शेवटच्या पाच मिनिटांत सगळं उलटंपालटं झालं ना, की बाहेर पडल्यावर रिक्षावालासुद्धा संशयित वाटायला लागतो. काय मजा येते म्हणून सांगू!

आणि खरी मजा त्याच्याही पुढे असते. बाहेर येऊन, ज्यांना काहीच कळलेलं नाही अशा चार माणसांना समजावून सांगायचं. ‘ती आरशातली बाई आठवते? ती बाई नव्हतीच!’ लॅबमध्ये मला त्यासाठी मान आहे. म्हणजे होता.

आमच्या घरात या पिच्चरचा शौक फक्त मला. नीलम म्हणते, ‘‘दिवसभर घरात डोकं फिरतंच माझं, त्याला वेगळं तिकीट कशाला?’’ पण त्या महिन्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या दांडीच्या, इथल्याच किनाऱ्यावरच्या कोळी गावच्या. सत्तरी गाठलेली बाई, पण आवाज असा की बोईसरच्या बाजारात त्यांनी ‘ताजा पापलेट’ म्हटलं की पलीकडच्या गल्लीतलं मांजर उठून बसायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून त्यांना सवड होती. रविवारी नीलमला शिलाईचं काम होतं. ती म्हणाली, ‘‘आईला घेऊन जा ना पिच्चरला. घरात बसून कंटाळलीय.’’

सासूबाईंनी विचारलं, ‘‘मारामारी हाय काय त्यात?’’

‘‘हाय ना आई. पण मनाची.’’

‘‘मंग चालंल,’’ त्या म्हणाल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसायला आत गेल्या.

आमच्या इथल्या थेटरात दोन पडदे आहेत. समोरासमोर दोन दारं, मध्ये वडे-चहाचा काउंटर. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही नको. दुपारचा शो, तुफान गर्दी. आम्हाला शेजारची तिकिटं मिळालीच नाहीत. सासूबाई मागच्या रांगेत कडेला, मी चार रांगा पुढे.

पिच्चर सुरू झाला आणि मी खुर्चीच्या टोकावर आलो! डोंगरावर एक बंगला. त्यात एक रिटायर्ड जज एकटाच राहतो. सोबतीला फक्त एक वॉचमन, तोंडातून शब्द न काढणारा. रोज सकाळी जजसाहेबांच्या उशाशी एक पत्र सापडतं. पत्रात काय? ‘मी खून केलाय.’ आणि अक्षर कुणाचं? जजचंच! रोज एक पत्र. बाहेर धुकं. वॉचमन कंदील घेऊन नुसता बघत उभा. शेवटी जज थरथरत कपाटाचं दार उघडतो, आणि... मध्यंतर!

मी पळत जाऊन सासूबाईंना जागेवर वडा नेऊन दिला. त्या म्हणाल्या, ‘‘तो वाचमन काय बोलत कसा नाय?’’ मी गूढ हसलो. म्हटलं, ‘‘बघत राहा.’’ आणि माझ्यासाठी चहा आणायला पुन्हा बाहेर आलो. काउंटरला ही झुंबड. चहा मिळून संपेपर्यंत पिच्चर सुरू झाल्याचा आवाज आला, तसा मी कप टाकून दाराकडे धावलो आणि अंधारात आत घुसलो.

कुठल्या दाराकडे, ते तुम्हाला कळलंय. तोंड पुसून घ्या. मी म्हटलं होतं ना, हसायचं नाही!

मला मात्र त्या क्षणी काही म्हणजे काही कळलं नाही. चाचपडत माझ्या जागेवर गेलो, तर तिथे एक जाडजूड गृहस्थ बसलेले. म्हटलं, जाऊ दे, कशाला वाद. पुढे एक खुर्ची रिकामी होती, तिच्यात बसलो आणि पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर लग्न!

मांडव, झेंडूची फुलं, पंगत, हळदीने पिवळे झालेले दहा-बारा पाहुणे. धुकं गायब. बंगला गायब. जज गायब. क्षणभर मीसुद्धा गोंधळलो. आणि तेवढ्यात मांडवात कोण आला? वॉचमन! तोच नट! आता त्याला झुपकेदार मिशी, रेशमी कुडता, आणि तो नवरीचा मामा! तोंडाचा पट्टा नुसता चालू!

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हटलं, वा रे डायरेक्टर! मानलं तुला! पहिल्या भागात मुका असणारा इथे बडबडतोय. म्हणजे आपण कुठे आहोत? आपण आता जजच्या डोक्यात शिरलोय!

तर त्या मामाची म्हैस हरवलेली असते. ऐन लग्नात. तो तिला शोधतो आणि ती भलत्याच वेळी भलतीकडे उगवते. पंगतीत येते, वरातीत येते, नवरदेवाचा फेटा खाते. लोक पोट धरून हसत होते. मला त्या लोकांची कीव आली हो. ढळढळीत दिसत होतं, की ती म्हैस म्हणजे जजचा अपराधभाव! काळा, जड, आणि कितीही हाकलला तरी परत येणारा!

माझ्या मागे एक बाई तर खिंकाळत होती. दोनदा ‘शूऽऽ’ केलं. तिसऱ्यांदा मला राहवेना. वळून म्हटलं, ‘‘अहो ताई, इथे एका माणसाचं मन कोसळतंय आणि तुम्ही हसताय?’’

‘‘कुणाचं मन?’’

‘‘जजचं!’’

‘‘कोण जज?’’

मी खिन्नपणे मान हलवली. ‘‘जाऊ दे. तुम्हाला नाही कळायचं.’’

शेवटी ती म्हैस मांडवात शिरते आणि मामा तिच्या गळ्यात पडून रडतो. तो रडला आणि मी पण रडलो. म्हटलं, माणसाने आपला गुन्हा मिठीत घेतला! लाइट लागले तेव्हा रुमाल ओला झाला होता माझा.

दुसरा पिच्चर जरा आधी संपला असावा, कारण मी बाहेर आलो तेव्हा सासूबाई वड्याच्या काउंटरपाशी उभ्या होत्या. त्यांचेही डोळे लाल. म्हटलं, बघा, दांडीच्या बाईलाही भिडला पिच्चर!

रिक्षात बसल्या बसल्या सासूबाईंनी सुस्कारा सोडला. ‘‘तो वाचमन त्या जजचा पोरगाच निंगाला नाय?’’

‘‘कोण पोरगा?’’

‘‘वाचमन वो! बापाला काय आठवतच नाय. रातचा झोपेत उठून तोच पत्रं लिवतो, सकाली इसरतो. पोराला पण वलखत नाय. मंग पोरगा काय करंल? वाचमन बनून बापाला सांबालतो. लय रडले मी.’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग हळूच विचारलं, ‘‘आई, आणि ती म्हैस?’’

‘‘कुटली म्हस?’’

‘‘ते लग्न? लग्न आठवतं का तुम्हाला?’’

‘‘माजं? न आठवायला काय झालं? भर पावसात झालं...’’

‘‘तुमचं नाही, पिच्चरमधलं!’’

‘‘त्यात कुटं लगीन व्हतं जावय?’’

त्यांना झोप लागली असणार आणि झोपेत स्वप्न पडलं असणार, असा विचार केला. पण रात्री जेवताना त्यांनी तीच गोष्ट नीलमला सांगितली. अगदी बारकाव्यांसकट. जजचा चष्मा कसा फुटतो, पोरगा बापाला भात कसा भरवतो. झोपेतलं स्वप्न इतकं तपशीलवार असतं होय?

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाच्या मनात काय येईल? एक वयस्कर बाई. तिने डोळ्यांनी एक पाहिलंय आणि तिला भलतंच आठवतंय. आणि आठवतंय तेही काय? तर विसरलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट! म्हणजे तिचं मनच तिला काहीतरी सांगू बघतंय! मी नीलमला स्वयंपाकघरात गाठलं.

‘‘घाबरू नकोस. पण आईंच्या डोक्यात काहीतरी होतंय.’’

‘‘काहीतरी काय बोलता?’’

‘‘अख्खी म्हैस विसरल्यात त्या, नीलम! अख्खी!’’

नीलम म्हणाली, नेटवर बघू ना गोष्ट काय आहे ती. मी तिला अडवलं. शेवट नेटवर वाचायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. आणि पिच्चर मी स्वतः पाहिलाय की! माझ्यापेक्षा नेटला जास्त कळतं का? वीस वर्षं तपासणीचं काम करणारा नवरा, त्याच्यावर विश्वास ठेवला तिने.

मग मी पुरावे गोळा करायला लागलो. सोमवारी सासूबाईंचा चष्मा फ्रिजवर सापडला. नोंद. मंगळवारी त्यांनी मला ‘नीलम’ अशी हाक मारली. नोंद. (नीलम माझ्या मागेच उभी होती, पण ते मी नोंदलं नाही.) नीलमने काळजीने दांडीला भावाला फोन केला. भाऊ संध्याकाळच्या आत हजर! आईसमोर गुडघ्यांवर बसला आणि भरल्या आवाजात म्हणाला, ‘‘आई, मी कोन हाय?’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘तुला ठावं नाय तर माला कशाला इचारतंस?’’

पण त्याने दांडीत बातमी पोचवलेली होती. बुधवारी दोन मावश्या आल्या, केळी घेऊन. एक दारातूनच रडत आत शिरली. ‘‘वलखलंस का गो माला?’’ सासूबाईंनी ओळखलं, शिव्याही दिल्या. तरी ती रडायची थांबेना. ‘‘अजून वलखते गो, अजून वलखते!’’

इकडे लॅबमध्ये मी त्या पिच्चरवर व्याख्यान ठोकून मोकळा झालो होतो आणि घरी त्याची बढाईही मारली होती. म्हशीचा अर्थ सांगितल्यावर आमचा पांडे हात जोडून म्हणाला, ‘‘सर, आप तो डायरेक्टर से भी आगे निकल गए!’’ केवढं खरं बोलला तो, नाही का?

गुरुवारची सकाळ मात्र मला आठवली की अजून कसंतरी होतं. मी पाणी प्यायला उठलो, तर ओट्यापाशी सासूबाई पाठमोऱ्या उभ्या. चहा उकळत होता आणि त्या बोटांवर मोजत हळू आवाजात नावं घेत होत्या. आधी चार मुलांची. मग नातवंडांची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मग घरातल्या जुन्या बोटींची, एकेक करून. एका बोटीपाशी अडखळल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाजारात दहा जणींना गप्प करणारी ती बाई, आवाज चोरून स्वतःची परीक्षा घेत होती.

मी मागच्या मागे फिरलो. आणि मग मी काय केलं? शहाण्यासारखं थांबलो? छे! पालघरच्या डॉक्टरांची त्याच दिवसाची वेळ घेतली आणि सासूबाईंना, नीलमला घेऊन तिथे गेलो.

डॉक्टर तरुण होते, शांत. सिस्टर आली, तिने सासूबाईंचं बीपी घेतलं आणि बाजूलाच केसपेपर लिहायला बसली. डॉक्टरांनी प्रश्न सुरू केले.

‘‘आजी, आज वार कुठला?’’

‘‘गुरवार.’’

‘‘आपण कुठे आहोत?’’

‘‘पालघरला, तुमच्या दवाखान्यात. खाली केमिस्ट हाय. जिन्याला नव पायऱ्या, एक फुटलेली. ती नीट करा, पेशंट पडंल.’’

‘‘मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. कंदील, आंबा, सायकल.’’

सासूबाईंनी ते लगेच म्हणून दाखवले, पाच मिनिटांनी पुन्हा म्हटले, मग उलटे म्हटले. आणि डॉक्टरांकडे निरखून बघत म्हणाल्या, ‘‘तुमचं नाक वलखीचं वाटतंय. तुमचे वडील बोईसरला बँकेत व्हते ना? शनवारी यायचे माज्याकडं. पापलेट घ्यायचे, पन डोकं काढून मागायचे. तुमची आई बगायला भ्यायची.’’

डॉक्टर पेन खाली ठेवून माझ्याकडे वळले. ‘‘यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. अडचण नक्की काय आहे?’’

म्हटलं, आता आपली पाळी. मी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं पद्धतशीर सांगितलं. जज. पत्रं. धुकं. मध्यंतर. मग जजच्या मनात शिरल्यावर लागणारं लग्न. मामा झालेला वॉचमन. फेटा खाणारी म्हैस. ‘‘आणि डॉक्टर, या यातलं काही म्हणजे काही आठवत नाही म्हणतात!’’

डॉक्टर विचारात पडले. आणि कोपऱ्यातून एक आवाज आला. मी ओळखला तो आवाज. खिंकाळण्याचा!

सिस्टर तोंडावर केसपेपर धरून गदगद हलत होती. ‘‘सर... सर, तो दुसरा पिच्चर आहे! म्हशीचा पिच्चर! दोन नंबरच्या पडद्यावर! मी रविवारी बहिणीबरोबर गेले होते...’’ आणि मग तिने कागद खाली केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि किंचाळलीच. ‘‘अगं बाई! कोण जज, कोण जज म्हणून मी विचारलं ते तुम्हालाच!’’

त्यानंतर दवाखान्यात काय झालं ते मी सविस्तर सांगणार नाही. डॉक्टर हसताना सभ्यपणे भिंतीकडे वळले होते. बाहेरचे पेशंट दार ढकलून डोकावत होते. नीलमने पदराने तोंड झाकलं होतं, पण तिचे खांदे मला दिसत होते. आणि माझ्या डोक्यात एकेक दार धडाधड उघडत होतं. जाडजूड गृहस्थ. रिकामी खुर्ची. हसणारे लोक. अहो, चार दिवस मी ज्या बाईचं डोकं तपासत होतो तिचं सगळं शाबूत होतं. अख्ख्या गोष्टीत भ्रमिष्ट एकच होता, गोष्ट सांगणारा!

एकट्या सासूबाई हसल्या नाहीत. त्या लुगडं सावरून उठल्या, डॉक्टरांना म्हणाल्या, ‘‘पायरीचं बगा,’’ आणि जिना उतरल्या.

रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसलो. शेवटी म्हटलं, ‘‘आई, चुकलं माझं.’’

‘‘चार दिस पोरांची नावं घोकत व्हते मी, जावय.’’

मला मान वर करवेना. ‘‘ऐकलं मी.’’

‘‘ऐकलंत? आन तरी बोलला नाय?’’

रस्त्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, ‘‘त्या म्हशीला काय म्हनत व्हतात तुमी लॅबात?’’

‘‘अपराधभाव,’’ मी पुटपुटलो.

‘‘बरं झालं. आता ती तुमच्या मागं लागूदे.’’ आणि मग मात्र सासूबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन विचारलं, ‘‘माताजी को कुछ हुआ क्या?’’

पुढच्या रविवारी त्यांनी फर्मान काढलं, म्हशीचा पिच्चर बघायचाय. सगळे गेलो. पहिला भाग छान होता हो, फारच विनोदी! मध्यंतर झालं आणि मी उठणार, तोच सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. पापलेट पकडावा तसं.

‘‘कुटं?’’

‘‘आई, जरा... बाथरूमला.’’

‘‘एकटं नाय जायचं. नीलम, ऊठ. जा संगती.’’

मी विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. नीलम आली, आणि तिच्या मागोमाग सासूबाईही आल्या. पुरुषांच्या बाथरूमबाहेर मोठी रांग. दर अर्ध्या मिनिटाने नीलमची हाक, ‘‘अहो, आहात ना आत?’’ मी हात धुऊन बाहेर आलो, आणि बघतो तर सासूबाई कुणाशी बोलतायत? आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांशी! वडा हातात धरून ते अतिशय गंभीर चेहऱ्याने ऐकत होते.

‘‘काय सांगायचं सायेब,’’ सासूबाई म्हणत होत्या, ‘‘जावय हाय माजा, लय गुनी. पन त्याला दार गावत नाय. एकदा बाहेर पडला की भलतीकडंच जाऊन बसतो, आन वर रडतो.’’

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने त्यांनी वीस वर्षांत कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. म्हणाले, ‘‘काळजी करू नका. माझ्या वडिलांचंही सुरुवातीला असंच होतं.’’

मी तोंड उघडलं. पण खरं काय झालं ते सांगायचं, की हेच बरं, ते ठरेपर्यंत घंटा वाजली आणि सासूबाई मला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

सोमवारी कामावर गेलो. लॅबच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत, आणि टेबलापासून बाथरूमपर्यंत, कुणीतरी जमिनीवर ठळक पिवळ्या रंगात बाण काढून ठेवले होते.